मुंबई ते लंडन नक्की किती तास?

प्रश्न: मुलगी लंडनला शिकते, जानेवारीत जायचंय. तिकिटावरच्या वेळा वजा केल्या तर जाताना साडेचार तास अन् येताना साडेचौदा, असं कसं हो? अंतर तर एकच ना?

उत्तर: काकू, अंतर एकच, साधारण 7,200 किलोमीटर, पण तिकिटावर दोन्हीकडची लोकल टाइम असते आणि हिवाळ्यात लंडनचं घड्याळ आपल्या साडेपाच तास मागे, म्हणून जाताना साडेपाच मिळवा, येताना वजा करा, म्हणजे दहा आणि नऊ तास. उरला एक तास वाऱ्याचा, वरती पश्चिमेकडून जोराचा वारा असतो तो येताना विमानाला पुढे ढकलतो. अंतर घरीच मोजायचंय? सपाट नकाशा नको, पृथ्वीच्या गोलावर दोन शहरांमधे दोरा ताणून धरा. विषुववृत्ताचा घेर 100 सेंटीमीटर असेल तर दोरा 18 सेंटीमीटर भरेल, आणि 1 सेंटीमीटर म्हणजे 400 किलोमीटर!