छोट्यांचा वर्ग घेणाऱ्या लेकीस

प्रिय लेकी,

फादरांनी चर्चमधल्या छोट्यांचा वर्ग तुझ्याकडे सोपवला हे ऐकून फार आनंद झाला. तू पाठवलेलं वर्षभराचं नियोजन नीट वाचलं. मेहनत दिसते. तरीही त्यातलं निम्म्याहून जास्त काढून टाक असंच मी सांगणार आहे.

तीन-चार वर्षांच्या मुलाला दर रविवारी नवी गोष्ट नको असते. त्याला मागचीच हवी असते, त्याच शब्दांत, त्याच चटईवर. तू एखादा शब्द बदललास की ते लगेच तुला अडवतं. अडवायला लागलं की समज, गोष्ट आता त्याची झाली. म्हणून महिनाभर एकच गोष्ट घे. सांगायला सात-आठ मिनिटं पुरतात. उरलेला वेळ गाणं, हातवारे, माती, रंग आणि खाऊ.

घाई कशाचीच नाही. पोप दहावे पायस यांनी १९१० साली पहिल्या कम्युनियनसाठी, म्हणजे ख्रिस्तप्रसाद पहिल्यांदा घेण्यासाठी, समज येण्याचं वय साधारण सात धरलं. तुझी मुलं त्याच्या बरीच अलीकडे आहेत. दहा आज्ञा, सात संस्कार हे धर्मशिक्षणाच्या वर्गात यथावकाश येईल. तुझ्याकडे त्याआधीचं काम आहे. चर्च ही आपली जागा आहे, इथली मोठी माणसं आपल्याला नावाने ओळखतात, आपण आलो की त्यांना बरं वाटतं, हे त्या पोराच्या अंगात मुरलं पाहिजे. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय पुन्हा उघडून बघ. शिष्य लेकरांना आणणाऱ्यांना दटावतात आणि येशू उलट शिष्यांवरच रागावतो. मग त्या लेकरांना तो काय शिकवतो? शिकवल्याचं काही लिहिलेलंच नाही. तो त्यांना कवेत घेतो, त्यांच्यावर हात ठेवतो आणि आशीर्वाद देतो. तुझ्या वर्गाचा अभ्यासक्रम एवढ्यात येतो असं मला मनापासून वाटतं. म्हणून मुलं येण्याआधी तू दारात हवीस, खाली बसलेली, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर. फळ्यावरची तयारी आदल्या दिवशी उरकून ठेव.

गोष्टी निवडताना आपला वसईचा किनारा बघ. पुस्तकातल्या चित्रात मेंढरं असतात, पण आपल्या पोरांनी बकरी पाहिलेली असते, मेंढरू क्वचितच. मेंढपाळाची गोष्ट जरूर घे, फक्त ती पहिली नको. योहानच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायापासून सुरुवात कर. पहाटेची वेळ आहे, रात्रभर जाळं रिकामं राहिलंय आणि किनाऱ्यावर येशूने विस्तव पेटवून मासळी नि भाकर तयार ठेवली आहे. ‘कुठली मासळी असेल?’ एवढं विचार आणि गप्प बस. नायगाव-अर्नाळ्याची पोरं बोंबील, मांदेली, कोळंबी सगळा बाजार तुझ्यापुढे मांडतील. खडकावरच्या आणि वाळूवरच्या घराची गोष्टही आपल्याकडे फार सोपी जाते. परातीत वाळू, बाजूला एक दगड, दोन्हींवर खोक्याचं घर आणि वर तांब्याभर पाणी. जून ते सप्टेंबर काय कोसळतं हे या मुलांना समजावून सांगावं लागत नाही.

वादळाची गोष्ट मात्र जपून सांग. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातल्या एखाद्या मुलाचा बाबा त्याच वेळी बोटीवर असतो. ‘येशूने वादळ थांबवलं’ एवढ्यावर तू थांबलीस, तर ते पोर रात्री आईला विचारेल की आपल्या बोटीसाठी तो थांबवेल ना? काही होणार नाही, असं वचन तू देऊ शकत नाहीस, देऊही नकोस. शिष्यही घाबरले होते आणि येशू त्यांच्याच होडीत होता, हे सांग; मग बाबाचं नाव घेऊन सगळ्यांनी प्रार्थना करा. ही गोष्ट जून-जुलैसाठी राखून ठेव. मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, बाबा घरी असतो. एखाद्या बाबालाच वर्गात बोलाव. गोष्टीतल्या येशूसारखा होडीत मागच्या बाजूला उशी घेऊन माणूस कसा झोपतो, हे तो तुझ्यापेक्षा छान दाखवेल.

भाषेचं म्हणशील तर, प्रार्थना प्रमाण मराठीतच राहू दे, कारण मिस्सामध्ये, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेत, पोराला तेच शब्द ऐकू येणार. गोष्ट मात्र घरच्या बोलीत सांग. कुणी सामवेदी बोलतं, कुणी वाडवळी, कुणी कोळी, आणि शाळा इंग्रजी. चार वर्षांच्या मुलाला देव एका परक्या भाषेत भेटावा असं मला वाटत नाही. इंग्लंडहून आलेले फादर स्टीफन्स यांनी गोव्यात ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत सांगितली, ती १६१६ साली छापलीही गेली. त्यांनी सातासमुद्रापलीकडून येऊन इतकं केलं. आपण निदान शेजारच्या आळीची बोली तरी शिकू.

‘येशू तुझ्या हृदयात राहतो’ हे इतक्या लहानांना सांगू नकोस. ती ते शब्दशः घेतात आणि तो आत जेवतो कसा, या काळजीत पडतात. ‘येशू तुझ्याबरोबर आहे’ एवढं पुरे. सैतान, नरक, ‘देव बघतोय हं’ हे वर्गात शिरूच देऊ नकोस. भीतीने शांत बसलेलं मूल मला बघवत नाही.

२ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, मुलं आईबाबांबरोबर दफनभूमीत जातात, मेणबत्त्या लावतात, आणि पुढच्या रविवारी प्रश्न येतात. आजी झोपली म्हणालीस तर पोर झोपायला घाबरेल. देवाने नेली म्हणालीस तर देवालाच घाबरेल. आजी वारली असंच सांग. तिला आता दुखत नाही, ती देवाजवळ आहे, आपल्याला तिची आठवण येते आणि रडूही येतं. मग त्याला आजीबद्दल बोलू दे.

नाताळच्या कार्यक्रमात रडणाऱ्या मुलाला स्टेजवर ढकलायचं नाही, प्रार्थना पाठ केली म्हणून चॉकलेटही द्यायचं नाही.

आणि एका बाबतीत तडजोड करू नकोस. वर्गात कायम दोन मोठी माणसं हवीत, दार उघडं हवं, शू-शीला न्यायला शक्यतो आई. काही वावगं कानावर आलं तर गप्प बसायचं नाही, माणूस कितीही मानाचा असो. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कायदा नसता तरी मी तुला हेच सांगितलं असतं.

तुझी मुलं मिस्साभर बाजूच्या खोलीत असतात. त्यांना शेवटी नुसतं घरी पाठवू नकोस. १९७३ साली रोमहून मुलांच्या मिस्साविषयी मार्गदर्शिका निघाली. अगदी लहानांना शेवटच्या आशीर्वादासाठी आत आणून सगळ्यांबरोबर आशीर्वाद द्यावा, असं तिच्यात सुचवलं आहे. थोडा गोंधळ होईल, कुणी आजोबा कुरकुर करतील. करू देत. फादरांशी याच आठवड्यात बोलून घे, मीही त्यांना फोन करते. नियोजन नव्याने लिहिलंस की पाठव.

तुझी,
टीचर