वाघाटी दिसली नाही, म्हणजे ती नव्हतीच का?

तू लिहिलंस की प्राणिशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहेस, रानातली लहान मांजरं आणि प्रवाळातले मासे दोन्ही आवडतात, पण दोन्हींत काहीच साम्य नसल्यामुळे एक निवडावंच लागणार. साम्य आहे, आणि निवडण्याआधी ते समजून घे. दोन्हीकडे तुझी वर्षं एकाच प्रश्नाशी झगडण्यात जातील: जे दिसलं नाही ते तिथे नव्हतं, की मलाच दिसलं नाही?

पहिल्या हंगामात मी जुन्नरच्या पूर्व पट्ट्यात कॅमेरे लावले, मोठ्या जनावरांसाठी लावतात तसे, गुडघ्याच्या उंचीवर आणि रुंद वाटांवर. ससे आले, साळिंदर आलं, पण वाघाटी, म्हणजे ठिपक्यांचं ते अगदी लहान रानटी मांजर, एकदाही नाही. अहवालात 'आढळली नाही' लिहून मी मोकळा झालो. पुढच्या ऊसतोडीत त्याच शिवारात, माझ्या कॅमेऱ्यापासून दोन बांध सोडून, फडात वाघाटीची पिल्लं निघाली. तोडणीवाल्यांना ती बिबट्याची वाटली. त्या भागात असं वारंवार होतं. पिल्लं खोक्यात घालून जिथे सापडली तिथेच ठेवली, रात्री आई येऊन एकेक उचलून घेऊन गेली. अहवालातलं ते 'आढळली नाही' मला अजून टोचतं. दीड किलोच्या आतबाहेरचं, रात्री फिरणारं जनावर, आणि मी ते वाघाच्या मापाने शोधत होतो. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय यांनी २०१० सालीच एका छोट्या टिपणात प्रश्न विचारला होता, की वाघाटी आपण समजतो त्याहून जास्त ठिकाणी तर नाही ना? तो मी आधी वाचायला हवा होता.

यावर उपाय म्हणजे त्याच जागी पुन्हा पुन्हा पाहणं, आणि हिशेब ठेवणं. समज, मांजर तिथे आहे आणि एका रात्रीत कॅमेऱ्यात येण्याची शक्यता पाचात एक आहे. मग पाच रात्रींनंतरही साधारण तीनात एकदा ती तुला चकवणार. वीस रात्री ठेवलास तर चकवण्याची शक्यता शंभरात एकावर येते. २००२ च्या सुमारास हा विचार गणितात नीट बसवला गेला, आणि रानमांजरासारख्या (इंग्रजीत जंगल कॅट, वाघाटीहून वेगळी जात) प्राण्यांच्या अभ्यासाला त्याचा मोठा आधार झाला. वाघ पट्ट्यांवरून एकेक ओळखता येतो. रानमांजराचं अंग जवळजवळ कोरं असतं, त्यामुळे डोकी मोजणं फार अवघड. ते कुठे राहतं एवढं तरी खात्रीने सांगता येतं.

आता पाण्याखाली ये. पन्नास मीटरची टेप अंथरायची, तिच्या कडेने सावकाश पोहत मासे जातीनुसार मोजायचे आणि लांबी अंदाजाने लिहायची. मास्कमधून मासा खऱ्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश मोठा दिसतो, म्हणून आधी मोजलेल्या लांबीच्या प्लॅस्टिकच्या माशांवर नजर बसवावी लागते. मोठे हेकरू (ग्रूपर मासे) बुडबुड्यांच्या आवाजानेच कपारीत शिरतात. आणि बोटाएवढे, तळाला चिकटून राहणारे मासे या मोजणीतून जवळजवळ पूर्ण सुटतात. २०१९ मध्ये सायमन ब्रँडल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की प्रवाळावर जेवढं मासळीचं वजन खाल्लं जातं, त्यातला जवळपास ६० टक्के वाटा या न दिसणाऱ्या माशांचा असतो! म्हणजे जे सुटतं त्याच्यावरच बाकीचं उभं आहे.

वेळ चुकली तरी हेच होतं. लक्षद्वीपच्या बित्रा बेटापाशी हेकरूंची एक जात प्रजननासाठी प्रचंड संख्येने जमते, तेही चंद्राच्या तिथीशी बांधलेल्या मोजक्या दिवसांत. ऋचा करकरे यांनी तिथे केलेला अभ्यास जरूर वाच. इतर दिवशी तिथे उतरलेल्याला ती जागा म्हणजे प्रवाळाचा साधा उतारच वाटेल.

निवडीबद्दल माझं मत: तुला कोणती चुकामूक सोसेल ते बघ. मांजरांत महिनोन्महिने हलणाऱ्या गवताचे फोटो चाळावे लागतात. माशांत उलट, टाकीतली हवा संपायच्या आत शेकडो जीव डोळ्यांसमोरून जातात आणि पुन्हा बघायची सोय नसते. मला पहिलं जमलं, माझ्या मैत्रिणीला दुसरं.

दोन्ही चाखून बघता येईल. तारकर्लीला स्कूबा शिकायची सोय आहे, ते हिवाळ्यात उरकून घे. त्याच हंगामात ऊसतोड चालू असते, तेव्हा एखाद्या टोळीच्या मुकादमाशी बोलून चार दिवस फडाच्या कडेला बस. वही घेऊन जा, आणि तिच्यात 'दिसलं नाही' या रकान्याशेजारी किती तास पाहिलं हेही रोज लिही. मी ते लिहिलं नव्हतं.