दम आधी येतो, हाड मागून येतं

प्रश्न : ताई, मी पंधरा वर्षांची आहे, दहावीत शिकते. आमचं गाव कोरेगाव तालुक्यात आहे. माझा चुलतभाऊ पोलीस भरतीची तयारी करतो. गेल्या दिवाळीपासून मी रोज पहाटे पाचला त्याच्याबरोबर डांबरी रस्त्यावर पाच किलोमीटर पळते आणि शेवटी दोन वेळा आठशे मीटर जोरात मारते. एकही दिवस सुट्टी घेत नाही. मला शालेय स्पर्धेत 1500 मीटरला जिल्ह्यापर्यंत जायचं आहे. सुरुवातीला खूप फरक पडला, पण महिना झाला, उजवी नडगी दुखते. दादा म्हणतो, दुखतंय म्हणजे अंग तयार होतंय. आई म्हणते, बंद कर. वजन उतरलं की वेग वाढतो असं ऐकलं म्हणून रात्रीची भाकरी सोडली आहे. पाळीही तीन महिने आली नाही. आधी वेळेवर यायची. मैत्रीण म्हणाली, पळणाऱ्या मुलींचं असंच असतं. आठवड्यात किती दिवस आणि किती पळावं, ते सांगा.

उत्तर : वेळापत्रक देते, पण ते लगेच सुरू करायचं नाही. आधी नडगी आणि पाळी. तू ही दोन वेगळी दुखणी म्हणून लिहिली आहेस. मला ती एकच वाटतात, आणि तिसरी गोष्ट, रात्रीची सोडलेली भाकरी, त्यांच्या मुळाशी आहे.

पळण्यात जेवढं खर्च होतं तेवढं पोटात गेलं नाही, की शरीर काटकसर करतं. जगायला लगेच लागत नाही ते आधी थांबवतं, आणि मुलींमध्ये त्यात पाळी येते. पाळी थांबते तेव्हा हाडांना बळ देणारं संप्रेरकही कमी पडतं. नेमक्या ज्या वयात हाडांची भर पडायची, त्या वयात ती भर थांबते आणि वरून डांबरावर रोजचे हादरे बसतात. म्हणून मैत्रिणीला सांग, पळणाऱ्या मुलींचं असं नसतं. नीट जेवणाऱ्या, नीट झोपणाऱ्या मुली भरपूर पळतात आणि त्यांची पाळी वेळेवर येते. पाळी सुरू झाल्यावर पहिली एक-दोन वर्षं ती मागेपुढे होते, ते निराळं. वेळेवर येणारी पाळी तीन महिने थांबली, तर डॉक्टरांना दाखवायचंच.

नडगीवर आतल्या कडेने बोट दाबत वरून खाली ये. दुखरा पट्टा चांगला वीतभर लांब असेल, तर बहुतेक वेळा स्नायू आणि हाडावरचं आवरण ओढलं गेलेलं असतं. एकाच जागी, नाण्याएवढ्या भागात कळ येत असेल, त्या पायावर उडी मारवत नसेल किंवा रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. अशी चीर सुरुवातीच्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही. म्हणून ‘एक्स-रे चांगला आला’ एवढ्यावर पळायला लागू नकोस. पट्टा असो की नाणं, तुझी पाळी थांबलेली आहे, त्यामुळे या आठवड्यात आईबरोबर जाऊन दाखवून ये. हिमोग्लोबिनही तपासून घे. सरकारी रुग्णालयात तुमच्या वयाच्या मुलामुलींसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथे हे सगळं संकोच न करता विचारता येतं. तोवर पळणं पूर्ण बंद. सायकल किंवा चालणं दुखत नसेल तर चालेल.

आता दादाबद्दल. तो तुझं वाईट चिंततो असं मुळीच नाही. पहाटे सोबतीला भाऊ असणं ही गावात किती मोठी गोष्ट आहे ते मला ठाऊक आहे. पण त्याची तयारी आणि तुझी तयारी एक नाही. भरतीच्या मैदानी चाचणीत 50 गुणांपैकी 20 गुण मुलांना 1600 मीटरला असतात, तारीख ठरलेली असते, आणि अठराच्या आत कुणाला तिथे उतरताच येत नाही. त्याची उंची वाढून थांबली आहे. तुझी हाडं अजून भरत आहेत.

मैदानावर येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी एक गोष्ट पहिल्या आठवड्यात सांगते : दम आधी येतो, हाड मागून येतं. तीन-चार आठवडे पळालं की छाती भरत नाही, पाय आपोआप उचलले जातात, वाटतं आता कितीही पळू. तुला दिवाळीनंतर जो फरक जाणवला तो हाच. हाड मात्र हादरा बसला की आधी थोडं झिजतं आणि मग विश्रांतीत जास्त घट्ट भरतं. त्याला आठवडे, महिने लागतात. रोज पळणाऱ्याचं झिजणं चालू राहतं आणि भरण्याला दिवसच मिळत नाही. सुट्टीच्या दिवशी आळस होतो, ही समजूत मनातून काढून टाक. तो दिवस सरावातच धरायचा.

डॉक्टरांनी मोकळीक दिली आणि अर्धा तास भरभर चालून नडगी अजिबात दुखली नाही, की एक मिनिट पळणं आणि दोन मिनिटं चालणं, असं वीस मिनिटं, एक दिवसाआड. पळण्याची मिनिटं हळूहळू वाढवत सलग पळण्यावर यायला महिना-दीड महिना जाईल. जाऊ दे.

त्यानंतरचा तुझा आठवडा चार दिवसांचा. मंगळवारी पंचवीस मिनिटं, अगदी हलकं. हलकं म्हणजे दादाशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांत धाप लागली तर वेग जास्त आहे. गुरुवारी पंधरा मिनिटं हलकं पळून शाळेच्या मैदानावर ऐंशी मीटरच्या सहा मोकळ्या धावा, शेवटपर्यंत दात-ओठ न खाता, प्रत्येकीनंतर चालत परत. शनिवारी पुन्हा वीस-पंचवीस मिनिटं हलकं. रविवारी लांबचं, तीस मिनिटांपासून सुरू करून चाळीसपर्यंत, शेताच्या कच्च्या वाटेने. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार पळायचं नाही. त्यातल्या दोन दिवशी पंधरा मिनिटं उठाबशा, एका पायावर तोल सांभाळणं, पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली करणं. आणि खेळायला मिळालं तर खो-खो जरूर खेळ. एका आठवड्यात एकाच दिवसाची पाच मिनिटं वाढवायची, आणि दर चौथा आठवडा हलका ठेवायचा. जोराचं आठशे मीटर सध्या नाही. सलग दोन महिने नडगीची तक्रार नसेल तेव्हा गुरुवारच्या धावांच्या जागी दोनशे-तीनशे मीटरच्या चार-पाच धावा घेता येतील. 1500 मीटरला यातून तू नक्की चांगली पळशील, कारण त्या अंतराचा मोठा भाग दमावर असतो, आणि दम हलक्या पळण्याने वाढतो.

जेवणाबाबत मी कडक आहे. रात्रीची भाकरी आजपासून परत. पळायला जाण्याआधी एखादं केळं किंवा गूळ-शेंगदाणे, आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पोटभर न्याहारी. देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं होतं. रक्त कमी असेल तर कितीही पळा, पाय जडच राहतात. मोड आलेली मटकी, हुलग्याचं माडगं, बाजरीची भाकरी, पालेभाजी, चालत असेल तर अंडी आणि मटण. वर लिंबू पिळ, म्हणजे लोह अंगी लागतं. जेवणाबरोबर चहा घेतला तर ते कमी लागतं. नाचणी, दूध आणि तीळ हाडांसाठी. शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी फेकू नकोस. आणि वजनकाट्यावर उभं राहणं सोडून दे, तुझ्या वयात वजन वाढायलाच हवं.

दहावीचं वर्ष आहे म्हणून पहाट आणखी अलीकडे ओढू नकोस. तुला किमान आठ तास झोप लागते. रात्री अकरापर्यंत अभ्यास असेल तर दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मैदानावर पळ. अंधारात डांबरी रस्ता टाळ. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना मागचा दिवाही नसतो. रस्त्यावर पळावंच लागलं तर उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं, फिकट रंगाचे कपडे घालून.

घाई तुला कशाचीच नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पळाली आणि दहावी आली. पी. टी. उषानंतर 32 वर्षांनी भारताची मुलगी ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचली होती. तेव्हा ती 27 वर्षांची होती. तुला 17 वर्षांखालील गट अजून मोकळा आहे, पुढे 19 वर्षांखालील आहे, त्यापुढे विद्यापीठ आणि खुला गट. यंदाची स्पर्धा हुकली तरी पुढची आहे.

हे उत्तर आईला आणि दादाला दोघांनाही वाचायला दे. आईला सांग, ताई पळणं बंद कर म्हणत नाहीत, जेवून आणि झोपून पळ म्हणतात. दादाला सांग, रविवारच्या लांबच्या पळण्याला त्याची सोबत लागेल, फक्त वेग तुझा असेल. आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला लिहून कळव. एका जागी कळ येते की पट्टा दुखतो, तेही लिही, म्हणजे पुढचे सहा आठवडे कसे घ्यायचे ते नेमकं सांगता येईल.