जुन्या बीएमडब्ल्यू आर१००आरटीचे पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावे का?

आपली मोटरसायकल 1979 ची, म्हणजे पॉइंट (इग्निशनचा प्रवाह तोडून ठिणगी पाडणारे यांत्रिक संपर्क) असलेल्या पिढीतली आहे. 1981 च्या मॉडेलपासून कंपनीनेच हॉल सेन्सरचे (चुंबकीय बदल ओळखून ठिणगीचा इशारा देणारे) इग्निशन दिले, त्यामुळे हा बदल गाडीच्या स्वभावाविरुद्ध नाही. तरीही घाई करू नये, असे मी मनापासून सांगेन. इंजिनचे पुढचे कव्हर उघडण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर अवश्य काढावी, कारण कव्हर डायोड बोर्डच्या (बॅटरी चार्ज करणारी वीज एकदिश करणाऱ्या पट्टीच्या) जोडण्यांना टेकले तर तो जळतो.

आत कॅमशाफ्टच्या टोकाने फिरणाऱ्या डब्यात पॉइंट आणि यांत्रिक ॲडव्हान्स युनिट (वेग वाढेल तशी ठिणगी लवकर पाडणारी यंत्रणा) असते. त्याची वजने अडकत असतील किंवा स्प्रिंगा ढिल्या झाल्या असतील, तर केवळ पॉइंटच्या जागी सेन्सर बसवल्याने टायमिंगची अस्थिरता जाणार नाही, कारण ॲडव्हान्स पूर्वीप्रमाणे त्याच युनिटकडून मिळत राहतो. म्हणून ते आधी साफ करून, किंचित वंगण देऊन, स्ट्रोब लाइटने (टायमिंग पाहण्याच्या लुकलुकत्या दिव्याने) तपासावे.

मूळ मांडणीत 6 व्होल्टच्या दोन कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या) सिरीजमध्ये जोडलेल्या असतात. कॉइल बदलायच्याच असतील, तर नव्या इग्निशनच्या इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलला लागणाऱ्या रोधाशी त्या जुळतात की नाही हे पाहावे. कमी रोधाच्या कॉइलमुळे प्रवाह वाढून मॉड्यूल तापते.

लांबच्या प्रवासासाठी मला बूस्टर, म्हणजे पॉइंट तसेच ठेवून कॉइलचा प्रवाह स्वतः तोडणारे इलेक्ट्रॉनिक उपकरण, अधिक पटतो. त्यात पॉइंटमधून अगदी कमी प्रवाह जातो, त्यामुळे ते जळत नाहीत, आणि बूस्टर बंद पडलाच तर वायर पूर्ववत जोडून पुढे जाता येते. मात्र पॉइंटची टाच (फिरत्या कॅमवर घासणारा भाग) झिजतच राहते, तेव्हा 0.35 ते 0.40 मिमी अंतर अधूनमधून मोजावे लागेल.