तुमचे प्रश्न : पळसाचा रंग सुतावर का टिकत नाही?

प्रश्न : शिमग्याच्या सुमारास पडलेली पळसाची फुलं आमच्या बचत गटानं वाळवून ठेवली आणि त्यात सुती दुपट्टे रंगवले. पहिल्याच धुण्यात निम्मा रंग गेला. पक्का व्हावा म्हणून शेवटी मीठ आणि तुरटी घातली होती. चुकलं कुठं?
— बचत गट, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : मीठ सोडून द्या, पळसाच्या रंगाला त्याचा काडीचा उपयोग नाही. तुरटी हवीच, पण रंगाच्या आधी. त्यातही सुतावर एकटी तुरटी नीट धरत नाही. रेशमावर धरते, म्हणून भंडारा-गडचिरोलीच्या टसर रेशमाची रीत सुताला लावली की असं होतं. सुताला आधी हिरडा पाजावा लागतो. हिरड्यातल्या टॅनिनला, म्हणजे तुरट द्रव्याला, तुरटी चिकटते आणि तुरटीला रंग.

एक किलो कोऱ्या कापडाचं माप धरा. रात्रभर साध्या पाण्यात भिजवून खळ काढा. सकाळी २० लिटर पाण्यात ४० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून स्टीलच्या भांड्यात तासभर उकळा. पाणी कोऱ्या चहासारखं होतं. तो कापसाचा मेण आणि मळ. कापड धुऊन सुकवा आणि वर पाण्याचा थेंब टाका. थेंब लगेच जिरला तर कापड तयार, वर बसून राहिला तर पुन्हा उकळा. बहुतेक गटांचा रंग इथंच कच्चा राहतो आणि दोष मात्र फुलांना मिळतो.

मग २०० ग्रॅम हिरडापूड रात्रभर भिजवून गाळा, त्या पाण्यात कापड तीन-चार तास बुडवा, पिळा आणि न धुता सुकवा. पुढं १५० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात कापड रात्रभर ठेवा. सकाळी एकदाच हलकं खळबळून काढा. आता रंग : एक किलो सुकी फुलं तासभर उकळून गाळा, त्या पाण्यात कापड मंद आचेवर पाऊण तास हलवत राहा आणि त्याच पाण्यात गार होऊ द्या. हलवलं नाही तर घड्यांवर पट्टे उमटतात.

बोअरचं पाणी आधी तपासा. पेलाभर पाण्यात चिमूटभर हिरडापूड टाका. पाणी निळसर-काळं पडलं तर त्यात लोह आहे आणि पिवळा रंग मळकट येणार. लोखंडी कढईतही तेच होतं. अशा वेळी साठवलेलं पावसाचं पाणी बरं.

एवढं सगळं करूनही पळस उन्हात फिकटतोच, हे गिऱ्हाइकाला विकतानाच सांगा. रिठ्यानं धुवा, सावलीत वाळवा. सोडा असलेल्या साबणानं पिवळा नारिंगीकडं झुकतो. जास्त टिकाऊ पिवळा हवा असेल तर डाळिंबाची साल घ्या. रंग पक्का करायला कुणी मोरचूद किंवा क्रोम सुचवेल, ते नको. दोन्ही विषारी आहेत आणि सांडपाणी शेवटी नाल्यात नाहीतर विहिरीकडंच जातं. तुरटीचं पाणी मात्र फेकू नका, निम्मी तुरटी नव्यानं घालून पुढच्या खेपेला चालतं.

प्रश्न : आमच्याच कापसाचं सूत काढून कापड विणलं. रंगवल्यावर त्यात मधेमधे पांढरे ठिपके आणि धागे दिसतात.
— शेतकरी, हिंगणघाट परिसर

उत्तर : एक धागा सुईनं उपसून ज्योतीवर धरा. वितळून कडक मणी झाला तर तो प्लास्टिकच्या पोत्याचा तंतू, त्याला रंग चढतच नाही. कागदासारखा वास येऊन राख झाली तर तो कापूसच, पण अपक्व बोंडाचा. फरदडीत, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच झाड राखून घेतलेल्या पिकात, आणि शेवटच्या वेच्यात असा कापूस जास्त येतो.

तेव्हा वेचा सुती ओटीत घ्या, सुती गाठोड्यात बांधा आणि सुतळीऐवजी सुती दोरी वापरा. वेचणाऱ्यांच्या डोक्याला फडकं असावं, केसही तसेच उमटतात. दव उतरल्यावरच वेचायला लागा. पहिले दोन वेचे वेगळे ठेवा आणि जिनिंगमध्ये तुमचा माल वेगळाच चालवून घ्या. स्वच्छ वेचणीला वेळ लागतो, म्हणजे किलोवर मजुरी घेणाऱ्या बाईचा दिवसाचा कापूस कमी भरतो. किलोमागचा भाव वाढवून द्या. तो न वाढवता स्वच्छ कापूस मागणं म्हणजे तुमच्या कापडाचा खर्च तिच्या मजुरीतून काढणं.

प्रश्न : फवारणी बंद केली, शेणखतच देतो. बियाणं बीटीचं आहे. चिठ्ठीवर ‘सेंद्रिय खादी’ लिहावं का?
— वाचक, जि. अमरावती

उत्तर : नाही. बीटी म्हणजे जनुक बदललेलं बियाणं, आणि सेंद्रिय प्रमाणीकरणात ते चालत नाही, मग खत कोणतंही असो. बियाणं बदलायचं तर नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं ‘सूरज’ किंवा अकोल्याचं देशी ‘एकेए-७’ बघा. दोन्ही सरळ वाणं आहेत, म्हणजे संकरित नव्हेत, सरकी पुढच्या वर्षी पेरता येते. देशीचा धागा आखूड, सूत जाड निघतं. चादरी-पंच्यांना ते चालतं. गावात किमान पाच शेतकरी जमले तर पीजीएस गटानं, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांची शेतं तपासायच्या पद्धतीनं, प्रमाणपत्र मिळवता येतं. तोवर ‘शेणखतावरचा, हातानं वेचलेला कापूस’ असं लिहा. ते खरं आहे आणि पुरेसं आहे. ‘खादी’ म्हणून विकायला खादी मार्क लागतो. सूत हातानं कातलेलं आणि कापड हातमागावर विणलेलं असेल, तरच त्यासाठी अर्ज करा. गिरणीचं सूत हातमागावर विणलं तर ते हातमागाचं कापड झालं, खादी नव्हे.