हॉर्नवादकाचे दुकान आणि तुमचे व्हायोलिन

सप्रेम नमस्कार,

फोंड्याहून पाठवलेले तुमचे पत्र मिळाले. तुम्ही वाणिज्य शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहात, नऊ वर्षे व्हायोलिन शिकत आहात आणि वाद्यवृंदात मागच्या रांगेत बसता. एकल वादनाइतका आपला हात तयार नाही, हे तुम्ही स्वतःच लिहिले आहे. शिकवण्याची तुम्हाला आवड नाही, आणि वडिलांचे म्हणणे असे की पदवी झाली की वाद्य पेटीत ठेवून बँकेच्या परीक्षांना बसावे. अशात सरांनी तुम्हाला बेथोव्हेनच्या ‘क्रॉइत्झर’ सोनाटाच्या, म्हणजे व्हायोलिन आणि पियानोसाठीच्या रचनेच्या, पहिल्या आवृत्तीचे छायाचित्र दाखवले. त्याच्या मुखपृष्ठावर बॉन शहर, एन. सिमरॉक हे नाव आणि फ्रँकमध्ये, म्हणजे फ्रेंच चलनात, किंमत होती. हा माणूस कोण, जर्मन गावात किंमत फ्रँकमध्ये कशी, आणि असले काम करून आज पोट भरते का, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत. तिसऱ्याचे उत्तर बरेचसे पहिल्या दोहोंत दडलेले असल्याने मी क्रमानेच जातो.

निकोलाउस सिमरॉक १७५१ मध्ये माइन्झ येथे जन्मला आणि १७७५ पासून बॉनच्या राजदरबारी वाद्यवृंदात हॉर्न हे फुंकून वाजवायचे पितळी वाद्य वाजवू लागला. त्या काळच्या हॉर्नला झडपा नसत. सारे स्वर ओठांनी आणि वाद्याच्या घंटेसारख्या तोंडात घातलेल्या हाताने काढावे लागत, त्यामुळे छापील पानावरचा एक चुकीचा स्वर म्हणजे भर दरबारात फजिती, हे त्याला अनुभवाने ठाऊक असणार. पुढे याच वाद्यवृंदात एक तरुण व्हायोला (व्हायोलिनचे थोडे मोठे भावंड) वाजवू लागला, तो म्हणजे बेथोव्हेन. सिमरॉक त्याच्याहून एकोणीस वर्षांनी मोठा होता, पण दोघांचा स्नेह जमला आणि बेथोव्हेन व्हिएन्नाला गेल्यावरही तो टिकला.

सिमरॉकने बॉनमध्ये संगीत प्रकाशनाची पेढी काढली ती १७९३ मध्ये, म्हणजे वादक म्हणून अठरा वर्षे काढल्यानंतर. पुढच्याच वर्षी फ्रेंच फौजा बॉनमध्ये आल्या, तिथला शासक पळाला, दरबार मोडला आणि वादकांच्या नोकऱ्या गेल्या. ज्याच्याकडे केवळ हॉर्न होते त्याच्या हाती काहीच उरले नाही. सिमरॉककडे मात्र वर्षभराचे का होईना, दुकान होते. ऱ्हाइन नदीचा डावा काठ, ज्यावर बॉन आहे, फ्रान्सच्या ताब्यात गेल्यावर त्याने फ्रेंच बाजारपेठ धरली. मुखपृष्ठांवर फ्रेंच आली, किंमत फ्रँकमध्ये आली आणि भाऊ हाइनरिश याच्यामार्फत पॅरिसमध्येही विक्री होऊ लागली. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हेच.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सारे सांगत आहे, तिच्याकडे वळतो. त्या काळी संगीत छापण्याची प्रचलित रीत अशी होती की कथिल-शिशाच्या मऊ पत्र्यावर पाच दातांच्या हत्याराने रेषा ओढायच्या, स्वरांच्या मुंड्या व चिन्हे पोलादी ठशांनी हातोडीने ठोकायची आणि उरलेले कोरायचे, तेही सगळे आरशातल्यासारखे उलटे. कोरणारा हाताने कितीही तरबेज असला तरी त्याला संगीत कळेलच असे नव्हते, त्यामुळे चुका ठरलेल्याच. झ्युरिकचा प्रकाशक नेगेली याने बेथोव्हेनच्या ओपस (रचनाक्रमांक) ३१ मधील पियानोचे सोनाटे छापताना तर कहर केला: पहिल्या सोनाटात त्याने चार मात्राखंड आपल्या पदरचे घातले. बेथोव्हेनचा शिष्य फर्डिनांड रीस ते वाजवून दाखवत असताना बेथोव्हेन संतापून उठला. मग चुकांची यादी बॉनला सिमरॉककडे गेली आणि १८०३ मध्ये त्याने ‘अत्यंत शुद्ध आवृत्ती’ असे फ्रेंचमध्ये मुखपृष्ठावरच छापून तेच सोनाटे पुन्हा काढले. दुसऱ्याने आधी छापलेला माल त्याने केवळ शुद्धतेच्या बळावर विकायला काढला होता. आजही या धंद्यात विकली जाणारी मुख्य वस्तू हीच आहे, असे माझे मत आहे.

सिमरॉकला देवत्व देण्याचा मात्र माझा विचार नाही. ‘क्रॉइत्झर’ १८०३ मध्ये वाजवली गेली आणि छापून आली १८०५ मध्ये. मधल्या काळात हा सोनाटा बाहेर काढणारा मंदगती सैतान कुठे दडला आहे, अशी विचारणा बेथोव्हेनने पत्रातून केली होती. उलट बाजूही आहे: १८२० मध्ये बेथोव्हेनने ‘मिसा सोलेम्निस’ ही चर्चच्या प्रार्थनेची मोठी रचना शंभर लुईदोरांना (फ्रेंच सोन्याची नाणी) सिमरॉकला देण्याचे कबूल केले, पण ती अखेर माइन्झच्या शॉटकडे, म्हणजे सिमरॉकच्या जन्मगावच्याच पेढीकडे गेली. शिवाय एका राज्यात छापलेले दुसऱ्या राज्यात कोणीही चोरून छापत असे. सिमरॉक १८३२ मध्ये वारला. मुलगा पेटर योसेफ आणि नातू फ्रिट्झ यांनी पेढी वाढवली, आणि फ्रिट्झने ब्राम्स व द्वोर्झाक या संगीतकारांना प्रकाशित केले. द्वोर्झाकच्या ‘स्लाव्हिक नृत्यां’च्या पहिल्या संचाचे, १८७८ मध्ये, त्याने ३०० मार्क एकदाच दिले आणि त्या संचावर पेढीने अफाट पैसा कमावला. तुम्ही वाणिज्याच्या विद्यार्थिनी आहात; या व्यवहारात कोणाचे चुकले, हे मी सांगण्यापेक्षा तुम्हीच मांडून पाहा, कारण पुढे तुम्ही टेबलाच्या कोणत्याही बाजूला बसलात तरी करारपत्र तुमच्यासमोर येणारच आहे. भारतात कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटातील गीतकार-संगीतकारांना स्वामित्वधनातील (रॉयल्टीतील) वाटा करार करूनही सोडून देता येत नाही. हा कायदा वाचता येणारी आणि स्वरलेखनही वाचता येणारी व्यक्ती सहसा एकच नसते.

आता तिसरा प्रश्न. नुसत्या संगीत प्रकाशनावर गोव्यात बसून लगेच संसार चालेल, असे मी तुम्हाला सांगणार नाही. परंतु स्वरलेखन संगणकावर उतरवणे, जुन्या हस्तलिखितांवरून वादकांसाठी स्वतंत्र पाने तयार करणे, मुद्रितशोधन, वाद्यवृंदाच्या ग्रंथपालाचे काम, हक्कांचे व्यवहार सांभाळणे ही सारी कामे आज घरबसल्या दूरच्या गिऱ्हाइकासाठीही करता येतात, आणि त्यांसाठी वाजवता येणारा माणूसच लागतो. म्यूझस्कोर हे स्वरलेखनाचे संगणकीय साधन मोफत आहे. आधी ते शिका, मग सिबेलियस किंवा डोरिको. केवळ एकाच साधनावर विसंबू नका: वर्षानुवर्षे अनेकांचा आधार असलेल्या फिनाले या अशाच साधनाचा विकास २०२४ मध्ये कंपनीने थांबवला. आपल्याकडच्या स्वरलिपीचे क्षेत्रही मोकळे आहे. विष्णु दिगंबर पलुसकरांनी स्वरलिपीची पुस्तके काढण्यासाठी स्वतःचा छापखाना चालवला होता, आणि आजही पलुसकर व भातखंडे या दोन्ही लिप्या नीट व शुद्ध टाइप करून देणारे लोक फार नाहीत, असा माझा अनुभव आहे.

वडिलांना असे सांगा की पदवी मी पूर्ण करणार आहे आणि नोकरीही धरणार आहे. मात्र व्हायोलिन पेटीत जाणार नाही. सिमरॉकनेही पगार चालू असतानाच पेढी काढली. मागच्या रांगेत बसण्याचे दुःख धरू नका. तिथे बसून सर्वांचे ऐकावे लागते, आणि मुद्रितशोधकाला तोच कान हवा असतो.

सुरुवात याच महिन्यात करता येईल. सरांकडून त्या पहिल्या आवृत्तीची पूर्ण प्रत मिळवा, शेजारी एखादी आजची आवृत्ती ठेवा आणि पहिल्या भागातील व्हायोलिनची ओळ खंडाखंडाने ताडून पाहा. जिथे स्वर, जोडकंस किंवा जोराची खूण वेगळी दिसेल तिथे पान आणि खंड क्रमांक वहीत लिहा, आणि दोहोंतील कोणते पटते व का, हे वाजवून पाहून शेजारी नोंदवा. ती वही सरांना दाखवल्यावर मला पुन्हा लिहा.

आपला,
करिअर मार्गदर्शक