गुण मुलाचे, पासवर्ड वडिलांचा

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात मेकॅनिकल इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. २०२६ च्या फॉलसाठी (ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या सत्रासाठी) आम्ही अमेरिकेतील सहा विद्यापीठांत एम. एस.करिता अर्ज करीत आहोत. चार ठिकाणी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेची किमान अट १२० पैकी ९० आहे, दोन ठिकाणी १००. आम्हाला ऑगस्टमध्ये ९६ पडले, ऑक्टोबरमध्ये १०३. ओळखीतल्या एका मुलीला ११४ आहेत. त्यामुळे ११० च्या वर गेल्याशिवाय गुण अधिकृतपणे पाठवायचे नाहीत, असे मी ठरवले असून ६ डिसेंबरची तिसरी परीक्षा बुक केली आहे. दोन विद्यापीठांची अंतिम तारीख १५ डिसेंबर आहे. अर्ज अडकू नये म्हणून १०३ च्या स्कोअर रिपोर्टची रंगीत प्रत नोटरी करून सहाही ठिकाणी कुरिअरने पाठवली, तरी पोर्टलवर अधिकृत गुण मिळालेले नाहीत असेच दिसते. पुढे काय करावे? मुलगा हल्ली फारसे बोलत नाही. अभ्यासाचा ताण असावा. – एक पालक, सांगली

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रात ‘आम्हाला १०३ पडले’, ‘आम्ही अर्ज करीत आहोत’, ‘मी ठरवले आहे’ अशी वाक्ये आहेत आणि मुलाच्या वाट्याला एकच वाक्य आले आहे, तेही शेवटचे : तो हल्ली फारसे बोलत नाही. आपण ते जाता जाता लिहिले असावे. मला मात्र संपूर्ण पत्रात काळजी करण्याजोगे तेवढेच वाटले, कारण बाकीचा प्रश्न संगणकासमोर अर्धा तास बसले की सुटणारा आहे.

दोन महिन्यांत ९६ वरून १०३ वर जाणे सोपे नसते. जानेवारी २०२६ पूर्वीच्या पट्टीनुसार वाचन, श्रवण, संभाषण आणि लेखन असे प्रत्येकी ३० गुणांचे चार भाग असतात आणि त्यांत मिळून सात गुण वाढवायचे, तर मुलाने कॉलेजचा प्रोजेक्ट सांभाळून रोज काही तास त्यात घातले असणार. त्या सात गुणांविषयी आपल्या पत्रात एक शब्द नाही. आहे तो ११४ चा उल्लेख, आणि ती मुलगी कोणत्या शाखेची, तिने कुठे अर्ज केला, तिथली अट किती, यांपैकी काहीच नाही. सहाच्या सहा विद्यापीठांची अट ओलांडून मुलगा घरी आला आणि त्याला ‘हे पाठवण्याजोगे नाहीत’ असे सांगण्यात आले. त्यानंतर तो बोलेनासा झाला असेल, तर मला त्याचे नवल वाटत नाही. आपण त्याला ताण म्हणता. मला ते घरात आपले कोणी ऐकत नाही हे कळून चुकलेल्या बावीस वर्षांच्या माणसाचे मौन वाटते.

या ११० च्या हट्टाचे मूळ मला परिचयाचे आहे. दहावीपासून आपण सगळे गुणवत्ता यादीच्या छायेत वाढतो. सीईटीच्या कॅप राउंडमध्ये पर्सेंटाइलच्या दशांश चिन्हापुढचा चौथा आकडाही कॉलेज बदलून टाकतो, हे आपण मुलाच्या प्रवेशाच्या वेळी अनुभवले असेल. टोफेल त्या जातीची परीक्षा नाही. तिथे साधारणपणे उंबरठा असतो : अट ९० ची असेल आणि आपले १०३ असतील, तर ‘या विद्यार्थ्याला वर्गातले इंग्रजी झेपेल’ एवढी नोंद होते आणि वाचणारा पुढच्या कागदाकडे वळतो. त्या पुढच्या कागदांत, म्हणजे पदवीच्या गुणपत्रिका, शिफारसपत्रे आणि स्टेटमेंट ऑफ पर्पज (काय व कशासाठी शिकायचे आहे हे सांगणारे निवेदन) यांत, प्रवेशाचा खरा निकाल लागतो. आपल्या सविस्तर पत्रात या तिन्हींचा उल्लेख नाही. शिफारसपत्र देणाऱ्या प्राध्यापकांना नोव्हेंबरात दोनदा आठवण करावी लागते, हे मी अनुभवाने सांगतो; मुलाचा डिसेंबरचा पहिला आठवडा तिसऱ्या टोफेलच्या तयारीत गेला, तर ती आठवण कोण करणार?

तिसऱ्या परीक्षेसाठी एक सबळ कारण मात्र असू शकते आणि नेमके ते आपण लिहिलेले नाही. टीचिंग असिस्टंटशिप (शिकवण्यात मदत करण्याच्या बदल्यात मिळणारे अर्थसाहाय्य) देताना अनेक विद्यापीठे स्पीकिंगचे, म्हणजे संभाषणाचे, गुण वेगळे पाहतात आणि त्यांचा उंबरठा एकूण गुणांपेक्षा कडक असतो. काही ठिकाणी तो ३० पैकी २६ आहे. मुलाला स्पीकिंगमध्ये २१ असतील आणि त्याला असिस्टंटशिप हवी असेल, तर पुन्हा परीक्षा देण्यात अर्थ आहे, आणि तयारीही फक्त बोलण्याची करावी. तसे नसेल, तर १०३ चे ११० करण्याने अर्जात जवळजवळ काहीच बदलत नाही.

आता त्या नोटरीकडे वळू. आपल्या पिढीला, आणि माझ्याही, ‘अधिकृत’ म्हटले की शिक्का दिसतो. झेरॉक्सवर ‘ट्रू कॉपी’चा रबरी शिक्का, त्याखाली राजपत्रित अधिकाऱ्याची हिरव्या शाईतली सही, आणि काम मोठे असेल तर नोटरीचे लाल सील. या समजुतीत कागद ज्याच्या हातात आहे त्याने तो खरा असल्याचे तिसऱ्या माणसाकडून वदवून घ्यायचे असते. परदेशी विद्यापीठांच्या व्यवहारात ‘अधिकृत’ या शब्दाचा अर्थ वेगळा आहे : परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडून गुण थेट विद्यापीठाकडे गेले पाहिजेत आणि वाटेत विद्यार्थ्याचा, पालकाचा किंवा एजंटचा हात लागता कामा नये. टोफेल घेणारी ईटीएस ही संस्था विद्यापीठाला हे गुण संगणकीय मार्गाने कळवते. आपण पाठवलेली प्रत खरी आहे, याबद्दल तिथे कोणाला शंका आलेली नसेल. आपल्या हातातून आली, एवढ्याच कारणाने ती अधिकृत नाही. नोटरीने तिच्यावर दहा सह्या केल्या तरी तिचा दर्जा विद्यार्थ्याने अर्जासोबत स्वतः अपलोड केलेल्या पीडीएफइतकाच राहतो, आणि ते अपलोड फुकट होते. कुरिअरच्या सहा पावत्या जपून ठेवायच्या तर ठेवा, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. जाता जाता हेही लिहितो की ११० होईपर्यंत जे १०३ लपवून ठेवायचे होते, ते आपण सहाही ठिकाणी स्वतःच्या खर्चाने कळवून मोकळे झाला आहात.

गुण लपवण्याचा आटापिटा तसाही व्यर्थ आहे. टोफेलच्या नोंदणीत चार विद्यापीठांची नावे विनाशुल्क देता येतात आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी रात्री दहापर्यंत ती बदलताही येतात. दोन्ही वेळा आपण ते रकाने जाणूनबुजून रिकामे ठेवले असावेत, कारण गुण कमी पडले तर ते आपोआप रवाना होतील ही भीती. त्यामुळे आता प्रत्येक विद्यापीठामागे वेगळे शुल्क डॉलरमध्ये भरावे लागेल. कोणत्या तारखेचे गुण पाठवायचे हे निवडता येते. तरीही प्रत्येक अधिकृत रिपोर्टवर मायबेस्ट नावाचा एक भाग असतो आणि त्यात मागच्या दोन वर्षांतील प्रत्येक विभागाचे सर्वोत्तम गुण तारखेसह येतात. ऑगस्टमध्ये मुलाला रीडिंगला ऑक्टोबरपेक्षा जास्त असतील, तर ते तिथे दिसतील. मायबेस्ट धरायचे की नाही, हे विद्यापीठ ठरवते. दोन वेळा परीक्षा दिली म्हणून कोणी नाक मुरडत नाही.

आता करायचे काय, तर ऑक्टोबरचे गुण याच आठवड्यात पाठवायचे. ६ डिसेंबरची वाट पाहिली तर निकालाला काही दिवस, गुण पोहोचायला काही दिवस आणि विद्यापीठाच्या कार्यालयाने ते अर्जाशी जोडायला आणखी काही दिवस जातील, आणि १५ तारीख पोर्टलकडे बघण्यातच उजाडेल. अर्जाच्या वेळी स्वतः नोंदवलेले गुण चालतात आणि अधिकृत गुण प्रवेश मिळाल्यावर मागतात, अशीही अनेक विद्यापीठे आहेत. सहांपैकी अशी कोणती, हे प्रत्येकाच्या प्रवेश-पानावर वाचून मग पैसे भरावेत. पाठवताना विद्यापीठाचा चार अंकी कोड लागतो आणि चूक होते ती इथे. एकाच नावाखाली अनेक कॅम्पस असलेल्या विद्यापीठांत प्रत्येकाचा कोड वेगळा असतो : युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या बर्कलेचा ४८३३ आहे आणि लॉस एंजेलिसचा ४८३७. यादीत नाव दिसले की टिचकी मारणाऱ्याने पाठवलेले गुण भलत्याच गावी जाऊन बसतात आणि ते शुल्क परत मिळत नाही.

दुसरी अडचण खास आपल्याकडची आहे. महाराष्ट्रात पासपोर्टवर मुलाच्या नावाच्या रकान्यात बऱ्याचदा वडिलांचे नावही एकत्र छापलेले असते आणि आडनाव वेगळे. टोफेलची नोंदणी पासपोर्टबरहुकूम करावी लागते, म्हणून तिथे पहिले नाव दुहेरी जाते. विद्यापीठाच्या अर्जात मधल्या नावाचा रकाना दिसला की आपण सवयीने वडिलांचे नाव उचलून तिथे ठेवतो. झाले, संगणकाच्या लेखी ही दोन माणसे झाली! जन्मतारखेचेही तेच, कारण अमेरिकेत महिना आधी लिहितात आणि ०५/०७ हा आपला ५ जुलै तिथे ७ मे होतो. माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थिनीचे गुण तीन आठवडे विद्यापीठात पोहोचूनही ‘न मिळालेले’ होते, ते याच नावाच्या घोळामुळे. रिपोर्टवरचा नोंदणी क्रमांक कळवून तिने दोन ओळींचा ई-मेल केला आणि दुसऱ्या दिवशी पोर्टलवर बरोबरची खूण उमटली. मुलाने अर्जातले नाव, जन्मतारीख आणि ई-मेल रिपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावेत.

हे टोफेलपुरते झाले. आयईएल्टीएस या इंग्रजीच्याच दुसऱ्या परीक्षेत नोंदणीच्या वेळी पाच संस्थांची नावे विनाशुल्क देता येतात आणि अनेक विद्यापीठे टीआरएफ (गुणपत्रकाच्या) क्रमांकावरून गुण स्वतःच ऑनलाइन पडताळतात; पीटीई आणि ड्युओलिंगो या तशाच परीक्षांचे गुण निकालानंतर खात्यातून हव्या तितक्या ठिकाणी विनामूल्य पाठवता येतात. या सर्व परीक्षांचे गुण दोन वर्षे ग्राह्य असतात. टोफेलची पट्टी तर २१ जानेवारी २०२६ पासून १ ते ६ अशी ठरली आहे, आणि संक्रमणाची दोन वर्षे १२० पैकीचे तुलनात्मक गुण सोबत छापले जातील. त्यानंतर ओळखीतल्या कोणाला ११४ होते, हे सांगूनही कोणाला कळणार नाही.

वरच्या परिच्छेदांत मी ‘मुलाने’ असे लिहिले आहे, ते सहज लिहिलेले नाही. आपल्या पत्रावरून माझा असा समज झाला आहे की ईटीएसचे खाते आपल्या ई-मेलवर आहे, ओटीपी आपल्या मोबाइलवर येतो आणि सहा पोर्टलचे पासवर्ड आपल्या डायरीत आहेत. समज चुकीचा असेल तर क्षमा असावी. बरोबर असेल, तर विद्यापीठाने मुलाला लिहिलेले प्रत्येक पत्र सांगलीत आपल्या इनबॉक्समध्ये उतरते आणि पुण्यात त्याच्यापर्यंत आपल्या शेऱ्यासह पोहोचते. ऑगस्ट २०२६ मध्ये हा मुलगा घर भाड्याने घेणार, बँकेत खाते उघडणार आणि व्हिसाच्या कागदांवरून आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयाशी स्वतः पत्रव्यवहार करणार आहे. त्याला स्वतःच्या गुणांचा रिपोर्ट पाठवण्याची परवानगी नसेल, तर त्याला तिकडे पाठवण्याची आपली तयारी झालेली नाही, असे मी स्पष्ट म्हणेन.

म्हणून माझा सल्ला आपण विचारलेल्या प्रश्नापेक्षा थोडा वेगळा आहे. येत्या रविवारी खात्यावरचा ई-मेल आणि मोबाइल क्रमांक बदलून मुलाचा घाला. सहा विद्यापीठांची यादी त्याच्यापुढे ठेवा आणि ती त्याची आहे की आपली, एवढे विचारा. उत्तर यायला वेळ लागला तर मध्ये बोलू नका. एखादे नाव त्याने खोडले, तर खोडू द्या. कोड शोधणे, शुल्क भरणे आणि पोर्टल तपासणे त्याला करू द्या. कार्ड आपले असले तरी चालेल. तिसऱ्या परीक्षेचे काय करायचे, हे त्याने स्पीकिंगचे गुण पाहून ठरवावे. चार पूर्ण दिवस आधी रद्द केल्यास अर्धे शुल्क परत मिळते, त्यामुळे निर्णय नोव्हेंबर संपण्यापूर्वी व्हायला हवा. त्याला काही विचारायचे असल्यास त्याने मला स्वतः लिहावे, आणि ते पत्र पाठवण्यापूर्वी आपण वाचू नये, ही विनंती.